तरंगंबाडीचे झिगेनबाल्ग साहेब : परक्या गावातील त्यांचा संसार व सेवा

मिशनरी साहेबांची चरित्रे आपण वाचितो, तेव्हा त्यांचे उपदेश, बाप्तिस्मे व मंडळ्या ह्यांचीच हकीकत बहुधा आपल्या दृष्टीस पडते. परमुलखातून आलेला मनुष्य गावात उतरला कोठे, भाषा कोणापाशी शिकला, खर्चास पैसा कोठून आणिला, उन्हाळा कसा सोसला, घरची पत्रे त्यास किती महिन्यांनी मिळाली, ह्या गोष्टी क्वचितच कोणी सांगतो. तथापि देवाच्या राज्याचे काम अशाच लहानसान गोष्टींच्या आधाराने चालत असते. ज्याला खेड्यात शाळा चालवावी लागते व पावसाळ्यात उपासनेच्या घराचे छप्पर शाकारावे लागते, त्या उपदेशकाला हे वेगळे सांगणे नलगे. म्हणून हिंदुस्थानात आलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांपैकी एक, बार्थोलोमेयस झिगेनबाल्ग, ह्यांचे चरित्र आम्ही ह्या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

झिगेनबाल्ग ह्यांचा जन्म इ. स. १६८२ साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात पुल्स्निट्झ नामक लहान गावी झाला. त्यांचे वडील धान्याचा व्यापार करीत. आईबाप दोघेही मुलाच्या लहानपणीच वारले. आईने मरतेसमयी आपल्या लेकरांस सांगितले होते की, तुम्हांसाठी मी मोठा ठेवा ठेविला आहे, तो पवित्र शास्त्रात शोधा. हा ठेवा मुलाने शोधिला व त्यास तो सापडला. पुढे हाले येथील विद्यापीठात फ्रांके नामक धर्मशील गुरूच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. ह्या गुरूने अनाथ मुलांकरिता मोठे आश्रम व शाळा उभारिल्या होत्या. प्रार्थना व धर्मशिक्षण ह्यांच्या जोडीस अन्नवस्त्र व शाळा असली पाहिजे, हा धडा झिगेनबाल्ग ह्यांनी तेथेच घेतला. त्यांची प्रकृती मात्र मूळचीच नाजूक होती व पोटाचे दुखणे त्यांस वारंवार होई.

त्या काळी चोळमंडलाच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे गाव डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीच्या ताब्यात होते. युरोपियन लोक त्यास ट्रंकेबार म्हणत. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकापासून ही जागा वार्षिक खंडणी ठरवून डेन्मार्कच्या लोकांनी घेतली होती व तेथे डान्सबोर्ग नावाचा किल्ला समुद्राच्या अगदी काठी बांधिला होता. झिगेनबाल्ग तेथे गेले तेव्हा नायकांचे राज्य जाऊन तंजावरास आपले मराठे राज्य करीत होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे ह्यांनी ते राज्य घेतले होते, व त्यांचे पुत्र शहाजी राजे तेव्हा गादीवर होते. तेव्हा ह्या परदेशी उपदेशकाचे शेजारी मराठी बोलणारे राजे होते, ही गोष्ट आमच्या वाचकांस गोड वाटेल.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक ह्याच्या मनात आले की, आपल्या ताब्यातील हिंदी लोकांस शुभवर्तमान कळवावे. परंतु त्याच्या स्वतःच्या देशात जाण्यास योग्य मनुष्य मिळेना. तेव्हा हाले येथील दोघे तरुण निवडण्यात आले, एक झिगेनबाल्ग व दुसरे हाइन्रिख प्लुटशाउ. १७०५ च्या नोव्हेंबरात कोपनहेगन येथे दोघांस दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस ते जहाजावर चढले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून ते १७०६ च्या जुलैच्या ९ तारखेस तरंगंबाडीस उतरले. ह्या प्रवासास सात महिन्यांवर दिवस लागले. त्या वेळी झिगेनबाल्ग ह्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

तरंगंबाडीस जहाजे लागण्यासारखे बंदर नव्हते. जहाज दूर खोल पाण्यात नांगर टाकी, व माणसे आणि माल किनाऱ्यास नेण्याकरिता कोळी लोक आपल्या होड्या घेऊन येत. ह्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत, कारण त्या किनाऱ्यावर लाटांचा मारा असा असतो की ताठ होडी फुटून जाते, परंतु शिवलेली होडी लवते व वाचते. ह्या लाटांनी मिशनचेही नुकसान केले. आरंभीच्या दिवसांत मिशनकरिता युरोपातून धाडलेली एक मोठी रक्कम किनाऱ्याजवळ समुद्रात बुडाली.

किनाऱ्यावर पाय ठेविल्यावर त्यांचे स्वागत कसे झाले? त्यांच्यापाशी राजाचे पत्र होते, तरी गावाचा डॅनिश अधिकारी हासिउस ह्याने त्यांस दिवसभर तिष्ठत ठेविले आणि येथे तुमचे काय काम आहे, असे रागाने विचारिले. नंतर बाजाराच्या चौकात त्यांस उभे सोडून तो व त्याचे लोक आपापल्या घरी निघून गेले. परक्या देशात संध्याकाळ झालेली, ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही, सामान जहाजावर, अशा स्थितीत ते दोघे राहिले. शेवटी एकास त्यांची दया आली व त्याने त्यांस आसरा दिला. हासिउस असा का वागला, ह्याचेही कारण होते. धर्मोपदेशाने एतद्देशीय लोक चिडतील व व्यापार बसेल, अशी कंपनीला भीती वाटत होती. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या लोकांनीच ख्रिस्ताच्या सेवकांस अडथळा करावा, ही दुःखाची गोष्ट होय, परंतु ती घडली खरी.

घर मिळाले तरी जीभ मिळाली नव्हती. त्या गावी तीन भाषा चालत. किल्ल्यात डॅनिश, बाजारात व युरोपियनांच्या नोकरचाकरांत मोडकी पोर्तुगीज, आणि रयतेत तामिळ. दोघांनी काम वाटून घेतले. प्लुटशाउ ह्यांनी पोर्तुगीजकडे विशेष लक्ष दिले व झिगेनबाल्ग ह्यांनी तामिळ धरिली. तामिळ शिकण्यास छापलेले पुस्तक त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा त्यांनी एका म्हाताऱ्या पंतोजीस विनविले की, तुम्ही आपली शाळाच आमच्या घरी भरवा. पंतोजी पोरे घेऊन आला. विद्यापीठात शिकलेले हे साहेब त्या पोरांच्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांच्याप्रमाणे बोटाने वाळूत अक्षरे गिरवू लागले. आपल्याकडे धूळपाटीवर मुळाक्षरे शिकलेल्या जुन्या माणसांस हे चित्र सहज डोळ्यांपुढे येईल. अक्षरे आली, पण अर्थ कोण सांगणार? त्याकरिता अळगप्पन नावाचा दुभाषी ठेविला. त्यास पोर्तुगीज व इतर युरोपियन भाषा येत होत्या.

ह्या शिक्षणात झिगेनबाल्ग ह्यांनी दिवस कसा घालविला, ह्याची तपशीलवार हकीकत त्यांच्याच पत्रांतून मिळते. पहाटे प्रार्थना झाल्यावर सकाळी धर्मप्रश्नोत्तरांचा पाठ ते घेत. नंतर तासभर शब्दांची उजळणी. आठपासून दुपारपर्यंत तामिळ ग्रंथांचे वाचन चाले, व त्या वेळी एक तामिळ कवी व एक लेखक त्यांच्यापाशी बसत. कवी अडलेली जागा समजावून सांगे व लेखक नवे शब्द टिपून घेई. जेवणानंतर एक तास ते विसावा घेत, कारण त्या वेळी उन्हाच्या तापाने कोणतेही काम होणे शक्य नसे. पुढे मुलांस शिकविणे, पुन्हा वाचन, व सायंकाळी प्रार्थना. रात्री दिव्याच्या मंद उजेडात ताडपत्रावरील बारीक अक्षर वाचून डोळे दुखत, म्हणून ते दुसऱ्याकडून वाचवून ऐकत. उन्हाशी भांडण न करिता त्यांनी आपला दिवस उन्हाप्रमाणे वळवून घेतला, हे त्यांच्या शहाणपणाचे लक्षण होय. थोड्याच वर्षांत त्यांनी सुमारे २०,००० शब्दांचा कोश जमविला. १७०८ साली आपल्या संग्रहातील शंभरावर तामिळ ग्रंथांची यादीही त्यांनी करून ठेविली.

तेथील ऋतूही त्यांस नवा होता. आपल्या कोकणात व देशावर मृगाचा पाऊस येतो तेव्हा चोळमंडलाच्या किनाऱ्यावर कोरडा उन्हाळा पेटलेला असतो, आणि खरा पाऊस व वादळे आश्विन-कार्तिकाच्या सुमारास येतात. जहाजांचे येणे-जाणे वाऱ्यावर अवलंबून असे, त्यामुळे टपालही वाऱ्याच्या स्वाधीन होते. पत्र युरोपात जाण्यास अर्धे वर्ष किंवा अधिक लागे, व उत्तर येईपर्यंत दीड-दोन वर्षे लोटत. वरिष्ठांस एखादा प्रश्न विचारावा आणि उत्तर येईल तेव्हा तो प्रश्नच उरलेला नसावा, असे अनेकदा होई. ह्याकरिता अशा मनुष्यास देवावर भरवसा ठेवून स्वतःच निर्णय करावा लागे.

काम वाढू लागले. १७०७ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पाच जणांचा बाप्तिस्मा झाला. हे पाचही जण डॅनिश लोकांच्या घरचे गुलाम होते. ज्यांस स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, अशांपासून त्या मंडळीचा आरंभ झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विसरू नये. त्याच वर्षाच्या ऑगस्टात एक लहान प्रार्थनामंदिर उभे राहिले व त्यास नवे यरुशलेम असे नाव दिले. मुलांकरिता व मुलींकरिता शाळा निघाल्या. शाळेतील मुलांस नुसती विद्या देऊन भागत नसे, त्यांस भात, वस्त्र व निजावयास जागा द्यावी लागे. ह्या सर्वांस पैसा लागे, आणि पुष्कळदा तो ह्या दोघांच्या पगारातून जाई.

इतक्यात संकट आले. कर्जाच्या एका तंट्यात एक गरीब विधवा नाडली जात होती व झिगेनबाल्ग ह्यांनी तिचा पक्ष घेतला. हासिउस ह्यास हे निमित्त पुरे झाले. १७०८ च्या अखेरीस शिपाई आले व त्यांनी साहेबांस धरून किल्ल्यात कोंडिले. तेथे ते चार महिने होते. प्रथम त्यांस दौत, लेखणी व कागदही मिळू दिला नाही. पुढे लिहिण्याची मोकळीक मिळताच त्यांनी तेथेच दोन पुस्तके लिहिली, एक ख्रिस्ती मनुष्याच्या स्थितीविषयी व एक धर्मसेवकाच्या कामाविषयी. बाहेर मंडळी पांगली होती. सुटका झाल्यावर त्यांनी हासिउसाचा सूड घेण्याचा विचार केला नाही. पांगलेल्यांस पुन्हा गोळा केले व पूर्वीचे काम पुढे चालविले. १७०९ च्या जुलैत ग्रुंडलर नामक सोबती व त्यांच्याबरोबर आणखी दोघे युरोपातून आले, तेव्हा त्यांच्या जिवास मोठा आधार झाला.

आता एक गोष्ट सांगतो, ती आम्हां सर्वांस लागू आहे. झिगेनबाल्ग ह्यांनी तामिळ पंडितांशी व सामान्य लोकांशी पुष्कळ संभाषणे केली, आणि पुढे पत्रांनी प्रश्न विचारून त्यांची मते मागविली. उत्तरे आली ती कडू होती. लोक म्हणत की, तुमचे शास्त्र चांगले असेल, पण किल्ल्यातील ख्रिस्ती दारू पितात, गोमांस खातात, अंग स्वच्छ ठेवीत नाहीत, दुसऱ्यास तुच्छ मानितात, मग तुमच्या शास्त्राचा त्यांस उपयोग काय झाला? ही उत्तरे त्यांनी लपवून ठेविली नाहीत. तामिळ लोक रानटी आहेत असा युरोपात समज होता, तो खोटा आहे, त्यांच्यात विद्या, नीती व न्यायबुद्धी आहे, असे त्यांनी स्वदेशी लिहून कळविले. १७१३ साली त्यांनी दक्षिणेतील देवदेवतांविषयी एक मोठा ग्रंथ लिहून हाले येथे धाडिला. तो तेथे छापण्यात आला नाही. लेखकाच्या मरणानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८६७ साली, तो मद्रास येथे प्रसिद्ध झाला. ज्याला उपदेश करावयाचा त्याचे घर, मन व विश्वास आधी समजून घ्यावा, ही त्यांची रीत होती.

ह्याच काळात त्यांनी नव्या कराराचे तामिळ भाषांतर हाती घेतले. १७०८ च्या ऑक्टोबरात आरंभ केलेले हे काम १७११ च्या मार्चात संपले. परंतु भाषांतर झाले म्हणून पुस्तक लोकांच्या हाती जात नाही. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने एकेक प्रत उतरवावयाची म्हटली तर वेळ व पैसा दोन्ही फार लागत. तेव्हा छापखाना पाहिजे झाला. लंडन येथील ख्रिस्ती ज्ञानप्रसारक सोसायटीने छापण्याचे यंत्र, कागद व एक कारागीर जहाजाने पाठविला. वाटेत फ्रेंचांनी ते जहाज पकडिले. दंड भरून ते सुटले, तर तो कारागीर प्रवासातच तापाने मरण पावला. १७१२ साली यंत्र पोहोचले, पण चालविणारा नाही. तेव्हा शोध करिता कंपनीच्या शिपायांत छापण्याची कला येणारा एक मनुष्य निघाला आणि काम चालू झाले.

पुढे हाले येथे पाडिलेले तामिळ खिळे आले. ते फार मोठे होते, त्या आकाराने पुस्तक छापिले तर कागद पुरता ना. म्हणून लहान खिळे तेथेच पाडण्याचे ठरले, परंतु शिसे कोठून आणावे? इंग्लंडातून पनीर ज्या शिशाच्या डब्यांत भरून येत असे ते डबे वितळवून त्यांचे खिळे पाडिले, असे सांगतात. चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये १७१४ साली छापून निघाली व १७१५ साली सगळा नवा करार पुरा झाला. हिंदुस्थानातील कोणत्याही भाषेत सबंध छापलेला हा पहिलाच नवा करार होय. कागदाची अडचण दूर व्हावी म्हणून ग्रुंडलर ह्यांनी जवळच्या पोरैयार गावी कागदाचा कारखानाही उभा केला. पनीराचे डबे, शिसे, शाई, चिंध्यांचा लगदा, ह्यांतून देवाचे वचन तामिळ माणसाच्या हाती गेले.

१७१४ च्या ऑक्टोबरात झिगेनबाल्ग युरोपास गेले. मलैयप्पन नावाचा एक तामिळ तरुण त्यांच्या बरोबर होता, त्याच्याशी ते प्रवासातही तामिळ बोलत. राजाची त्यांनी भेट घेतली, लंडनास जाऊन इंग्लंडच्या राजासही ते भेटले, हाले येथे १७१६ साली आपले तामिळ व्याकरण छापविले, आणि मारिया डोरोथेया साल्झमान नामक सद्गुणी बाईशी विवाह केला. १७१६ च्या ऑगस्टात पतिपत्नी मद्रासेस उतरली व तेथून तरंगंबाडीस आली. हासिउस जाऊन नवा अधिकारी आला होता, तो मिशनास अनुकूल होता. त्याच वर्षी देशी उपदेशक तयार करण्याकरिता शाळा निघाली. जुने मंदिर अपुरे पडू लागले म्हणून नवे मोठे मंदिर बांधिले, ते १७१८ च्या ऑक्टोबरात उघडण्यात आले.

ह्या भरभराटीतच शेवटचा घाव बसला, आणि तो घरचाच होता. कोपनहेगन येथील मिशन कमिटीचा चिटणीस वेंट ह्याचे मत असे होते की, मिशनऱ्याने प्रेषितांप्रमाणे रिकाम्या हाताने फिरावे, घरे, शाळा, मंदिरे, छापखाना ही सारी देहाची खटपट आहे व तिच्यावर पैसा खर्चू नये. कठोर शब्दांची पत्रे आली. झिगेनबाल्ग ह्यांचे म्हणणे निराळे होते. मनुष्याचा आत्मा देहात राहतो, म्हणून आत्म्याची सेवा करणाऱ्याने देहाची सेवा टाळता कामा नये. उपाशी मुलास प्रश्नोत्तरे कशी शिकवावी, आणि उपदेशकास मुळीच शिकविले नाही तर मंडळी कोणी सांभाळावी, असे ते समजत. तंबू करून पोट भरणारा पौल ह्याचे त्यांस विस्मरण झाले नव्हते. परंतु आधीच खालावलेल्या त्यांच्या प्रकृतीस हा मनस्ताप सोसला नाही. १७१९ च्या फेब्रुवारीच्या २३ तारखेस, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. मरणसमयी त्यांनी येशूवरील भरवशाचे एक गीत गाण्यास सांगितले होते. स्वतः बांधलेल्या मंदिरातच त्यांची कबर आहे. पुढल्याच वर्षी ग्रुंडलरही त्यांच्या मागे गेले.

मग वेंट खरा की झिगेनबाल्ग? ह्याचा निकाल कोणी पंडिताने नव्हे, पुढील घडामोडींनीच दिला. तंजावरच्या राज्यात परदेशी उपदेशकास मोकळेपणी जाता येत नसे, व झिगेनबाल्ग स्वतः तंजावर शहरापर्यंत कधी पोहोचू शकले नाहीत. परंतु त्यांच्या मरणानंतर काही वर्षांनी तंजावरच्या मराठा राजाच्या फौजेतील राजनायकन नावाच्या शिपायाच्या हाती तरंगंबाडीस छापलेले शुभवर्तमानांचे पुस्तक आले. त्याने ते वाचिले, तो स्वतः चालून तरंगंबाडीस आला, आणि पुढे आपल्या लोकांत निष्ठावान उपदेशक झाला. साहेबांस जो दरवाजा उघडता आला नाही, तो कागद व शिसे ह्यांनी उघडिला. आणखी पाहा, १७३३ साली आरोन नावाच्या तामिळ उपदेशकास पाळकपणाची दीक्षा मिळाली. शाळेत लावलेल्या रोपास हे फळ आले. श्वार्ट्झ नामक मिशनरी १७५० साली ह्याच तरंगंबाडीस उतरले व पुढे तंजावरचे सरफोजी राजे लहान असता त्यांचे पालक झाले. आपल्या महाराष्ट्रात हॉल व नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले ते १८१३ साली, म्हणजे झिगेनबाल्ग ह्यांच्या मागून शंभरावर वर्षांनी. परंतु त्यांसही भाषा, शाळा व छापखाना हाच मार्ग धरावा लागला.

१८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी इंग्रजांस विकून टाकिली. कंपनीचा व्यापार गेला, ज्याच्या भीतीने हासिउसाने ह्या दोघांस चौकात उभे ठेविले तो सारा बाजार उठला. २००४ साली डिसेंबरात समुद्र खवळून त्या गावावर आला व पुष्कळ माणसे दगावली. तरी नवे यरुशलेम मंदिर उभे आहे आणि त्यात तामिळ भाषेत प्रभूचे भजन होते.

बंधुभगिनींनो, आम्हांपैकी बहुतेकांस राजाचे पत्र मिळणार नाही, की सात महिन्यांचा समुद्रप्रवास घडणार नाही. आम्हांस शाळेची हजेरी घ्यावी लागते, आजाऱ्यास औषध पोहोचवावे लागते, मंडळीच्या वर्गणीचा हिशोब ठेवावा लागतो, आणि ह्यांत उपदेशास वेळ उरत नाही म्हणून मन खट्टू होते. अशा वेळी वाळूत अक्षरे गिरविणाऱ्या त्या विद्वान मनुष्याचे स्मरण करावे. ज्या कामास आम्ही क्षुल्लक म्हणतो ते देवाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे, असे आम्हांस कोणी सांगितले? हिशोबाची वही नीट लिहिणे व लेकरास मुळाक्षर शिकविणे हीही प्रभूच्या द्राक्षमळ्यातील मजुरी होय. ती आम्ही विश्वासूपणे करावी. तिचे फळ आमच्या डोळ्यांदेखत येवो अथवा आमच्या मागून येवो.